गुरुजींसाठी थंड हवेचं गाव

खुशाल गुरुजींनी फेकलेला पाण्याचा पितळी गडवा निर्मलाबाईंच्या भुवईवर बसला, आणि त्याच सकाळी त्यांच्या लेकीनं, रुपानं, ठरवून टाकलं की आता माय-बापाला थंड हवेच्या गावी नेऊन ठेवायचं.

कारण म्हणाल तर पाणी कोमट होतं. मे महिन्यात कोंढ्यासारख्या गावात माठातलं पाणीसुद्धा कोमट होतं, त्याला निर्मलाबाई काय करणार! पण गुरुजींचा राग कारणासाठी अडून बसणाऱ्यातला नव्हता. गडवा लागला, रक्त डोळ्यात उतरलं, आणि अंगणाअंगणांतल्या खाटांवरून चार घरची माणसं उठून बसली. शेजारचा सोमाजी मोठ्यानं खाकरला. तसे गुरुजी खाली बसले आणि पेपर उघडून वाचू लागले, जसा काही गडवा आपल्या मनानंच उडाला होता.

"उन्हानं होऊन राहिलं हे सगळं," मायच्या कपाळावर हळद दाबत रुपा नवऱ्याला म्हणाली. "बाबाच्या माथ्यात ऊन चढते. दर उन्हाळ्यात पाहून राहिली मी. थंड्या गावाले नेलं का राग आपोआप उतरते, पाहा तुमी."

तिचा नवरा योगेंद्र लाखनीला हायवेवर ट्रकच्या सामानाचं दुकान चालवायचा. माणूस कामाचा. त्यानं त्याच दिवशी चार ओळखीच्या ड्रायव्हरांना फोन लावले. चिखलदरा, पचमढीचे भाव ऐकून गुरुजींनी कानांना हात लावला, पण छिंदवाड्याच्या पुढे घाट चढल्यावर एक लहान गाव आहे, तिथं मास्तरच्या पेन्शनमध्ये राजासारखं राहता येतं, उन्हाळ्यातही पंखा लागत नाही, असं कोणीतरी सांगितलं. गुरुजी खूश झाले. रुपा तर इतकी खूश झाली की तिनं मायला मिठी मारली. "माय, आता तुहे हाल संपले!"

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली ही गत. रुपाचा तरी काय दोष! लहानपणी ती शिकायला आजोळी असायची, मग लग्न होऊन लाखनीला गेली, आणि घरी यायची ती आधी स्वतःच्या आणि पुढे लेकरांच्या शाळेला उन्हाळी सुट्ट्या लागल्यावर, मे महिन्यात. बापाचा तिला दिसायचा तो उन्हाळा. गडवे उडायचे, ताट भिरकावलं जायचं, शिव्या तर विचारूच नका. ऊन आणि राग यांची तिनं आपल्या मनाशी गाठ मारून ठेवली होती, आणि ती चुकीची आहे हे सांगणारं एकच माणूस होतं. ते तोंड उघडत नव्हतं.

खरं असं होतं की उन्हाळा हा निर्मलाबाईंचा सुखाचा काळ. ऊन तापायला लागलं की सगळी आळी खाटा घेऊन अंगणात यायची ती पाऊस येईपर्यंत. जेवण अंगणात, झोप अंगणात, भांडण अंगणात. चार हातांवर दुसऱ्याची खाट. अशा उघड्यावर माणूस बायकोला एखादी वस्तू फेकून मारील, पण बुकलून काढणार नाही. आणि हात उगारलाच, तर खाकरणं होतं. दुसऱ्याच्या नवरा-बायकोत पडायचं नाही, ही त्या गावची रीत. कोणी जाऊन हात धरणार नाही, एक शब्द बोलणार नाही. पण वडीलधारा माणूस आपल्या खाटेवरून खाकरू शकतो. मी जागा आहे, एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्यानं हात खाली यायचा. सोमाजी या कामात पटाईत होता आणि आपण शेजारधर्म पाळतो याचा त्याला अभिमानही होता.

मग पाऊस पडून धानाच्या रोवणीचे दिवस यायचे, खाटा आत जायच्या आणि दारं लागायची. तिथून निर्मलाबाईंचं खरं वर्ष सुरू व्हायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो त्या घरात अक्षरशः होता. गुरुजी आधी वाकळीचा कोपरा बायकोच्या तोंडात कोंबायचे आणि मग सुरू करायचे. डावा कान लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात गेला. दिवाळी सरता सरता एकदा बरगडी मोडली. आणि गेल्या पुसात, ऐन थंडीत, भात करपला म्हणून त्यांनी तिचा हात चौकटीवर धरला आणि सागाचं दार लावून घेतलं. दोनदा. पवनीच्या दवाखान्यात निर्मलाबाईंनी सांगितलं, पाणी आणायला बोडीवर, तळ्यावर गेले आणि पाळीवरून घसरले. डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, आणि प्लास्टर घातलं. गुरुजींना कोण काय म्हणणार! त्यांच्या छडीखालून गेलेले बाप्ये अजून पाटाकाठच्या पारावर पोटऱ्या उघडून वळ दाखवायचे आणि म्हणायचे, गुरुजीनं मारलं म्हणून आमी माणसात आलो. राग येतो असल्या माणसांचा. मार खाऊन मार देणाऱ्याची आरती करायची, ही कुठली अक्कल?

योगेंद्र आणि गुरुजी घाटावर जाऊन आले ते घर ठरवूनच. अंगणात बसून योगेंद्रनं मोबाइलवर व्हिडिओ लावला. दगडी घर, हातभर जाडीच्या भिंती, दारं दुहेरी, खिडक्यांना काचा. दुसरं घर पार उताराखाली. आजूबाजूला झाडं आणि धुकं.

"बारा महिने दार लावूनच राहा लागते तिथं, इतकी गार हवा," गुरुजी सांगत होते. सांगताना ते मोबाइलकडे पाहत नव्हते, बायकोकडे पाहत होते. "आणि शांत किती! आवाज देल्ला तरी कुत्रं नाई आयकत. नाई तर आपली आळी. पादलं तरी चौघं खाकरतेत."

सगळे हसले. सोमाजीसुद्धा हसला. बारा महिने पुस महिना, आणि उन्हाळा कधी येणारच नाही, असं ते गाव होतं. तिथं आपण मरणार, हे निर्मलाबाईंना तेव्हाच कळलं. म्हातारपणानं नव्हे, त्या माणसाच्या हातानं, आणि बोडीवरून घसरली असंच कोणीतरी पुढे सांगणार.

"मले नाई करमन तिथं," ती रुपाला चुलीपाशी म्हणाली.

"करमते व माय. पंधरा दिवस जड जाईन, मंग इकडची आठवण बी नाई येणार."

"मी इथंच बरी हावो."

"इथं? डोकं फोडून घेतलं ना परवा!" रुपाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुह्यासाठीच तर करून राहिली मी हे सगळं." लेक एवढ्या मायेनं बोलते म्हटल्यावर निर्मलाबाई चुलीत लाकूड सारत राहिल्या. बापाची अब्रू लेकीपुढे कशी काढायची? झाकली मूठ, झाकली मूठ करत तिनं हाडं मोडून घेतली होती आणि आताही ती मूठ उघडेना.

निघायच्या दिवशी सकाळीच योगेंद्र टेम्पो घेऊन आला. निर्मलाबाई अंगणातल्या उखळात मिरच्या कुटत होत्या. वर्षाचं तिखट राहिलं आहे, तेवढं होऊ द्या, म्हणून त्या कुटत होत्या, आणि कुटलेलंच पुन्हा कुटत होत्या. सगळी आळी ठसक्यानं खोकत होती. खाटा गेल्या, पेटी गेली, भांड्यांचं पोतं गेलं.

"पुरे झालं ते," गुरुजी म्हणाले. "मुसळ टाक टेम्पोत आणि बस."

"मी नाई येत."

गुरुजींना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"तुमी जा जी. मी नाई येत त्या घरात."

चार घरच्या बायका जाणाऱ्यांना निरोप द्यायला म्हणून उभ्या होत्या. त्यांच्यासमोर बायको नाही म्हणाली. गुरुजींनी टेम्पोत ठेवलेल्या सामानातून आपली निरगुडीची छडी उपसली आणि तिच्या पाठीवर ओढली. लुगड्यावरून सट्ट आवाज आला. सोमाजी खाकरला. तिखटाच्या ठसक्यातही त्याचं खाकरणं वेगळं ओळखू येत होतं. पण आज गुरुजींचा हात खाली आला नाही. उद्यापासून या आळीशी त्यांना कर्तव्यच नव्हतं. दुसरी छडी मानेवर बसली, तिसरी त्याच मोडक्या मनगटावर.

"बाबा, ऊन लागलं तुमाले!" रुपा मध्ये धावली. "सावलीत चला, पाणी घ्या..."

"उन्हाचं काईच नाई यात!" निर्मलाबाई ओरडल्या. एवढा मोठा आवाज त्यांनी स्वतःचा कधी ऐकला नव्हता. "हे मनगट पाह्य. हे पुसात मोडलं, दारात चेंदून. बोडी गिडी काई नाई. पसली मोडली ते दिवाळी झाल्यावर. कान गेला ते भर पावसात. उन्हाळ्यात हा माणूस काईच नाई करत, रुपा. उन्हाळ्यात लोक राहतेत बाहेर. म्हणून मी जित्ती हावो. आणि तू मले अशा गावाले पाठवून राहिली जिथं उन्हाळाच नाई!"

रुपाचा चेहरा पांढराफटक पडला. गुरुजी बोलले ते अगदी हळू, वर्गात बोलायचे तसे. "आत चल. मंग सांगतो." त्यांनी छडी टाकली, तिच्या अंबाड्यात पंजा रोवला आणि तिला घराकडे ओढत नेलं. तिचे गुडघे मातीवर घासत गेले. योगेंद्र सासऱ्याला "मामाजी, मामाजी" करत एक पाऊल पुढे आला आणि थांबला. सोमाजी खाकरत होता. खाकरत होता, पुन्हा खाकरत होता, कुंपणाच्या काडीला धरून, आणि जागचा हलत नव्हता. दार आलं. गुरुजींचा एक पाय उंबरठ्याच्या आत गेला. त्यांनी कवाड धरलं.

मुसळ निर्मलाबाईंच्या हातात तसंच होतं. ते तिनं फिरवलं.

पहिला घाव कवाड धरलेल्या हातावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. गुरुजी किंचाळले. केस सुटले. ती उठली आणि दुसरा घाव तिनं दोन्ही हातांनी, मिरची कुटतात तसा, त्यांच्या नडगीवर घातला. गुरुजी उंबरठ्यावर आडवे झाले. तिसऱ्यांदा मुसळ वर गेलं ते डोक्यावर. गुरुजींनी मोडका हात आडवा धरला. तोंडातून लाळ गळत होती. "नको," ते म्हणाले. "नको व." हा शब्द तिनं त्या घरात किती वेळा म्हटला असेल, आणि कधी तो वाकळीच्या बाहेर आला नव्हता. मारावंसं तिला फार वाटत होतं. खोटं कशाला सांगा, डोकं फुटलेलं तिला दिसतही होतं. पण तिनं मुसळ बाजूला टाकलं आणि लुगड्याचा पदर नीट केला.

रुपा वळली ती बापाकडे नाही, सोमाजीकडे. "काका, तुमाले मालूम होतं?"

सोमाजी खाली पाहू लागला. "घरातली गोष्ट हाय बाई ते. आमी कसं पडाचं मधात?" मग त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं. "मी खाकरत होतो ना."

रुपानं त्याच्या तोंडावर थुंकलं असतं, पण तिला रडूच फुटलं. ती मायच्या पायाशी बसली, मनगट हातात घेतलं आणि ते वाकडं जुळलेलं हाड बोटांनी चाचपत राहिली. दर मे महिन्यात हाच हात तिला आंब्याचा रस वाढत होता. "माय, तू लाखनीले चाल माह्यासंग. आताच."

"मी काहून जाऊ?" निर्मलाबाई म्हणाल्या. "म्हातारपणी कुठं राहाचं ते ठरवाचं होतं ना? तुमी सगळ्यायनं ठरवलं, मले कोणी पुसलं नाई. मी हे गाव ठरवलं. इथं लय तपते. तपू दे. यायले घाटावर नेऊन सोडा, यायले आवडलं हाय ते घर."

गुरुजींचा हात आणि पाय प्लास्टरमध्ये गेले. पवनीच्या त्याच दवाखान्यात त्यांनी सांगितलं, टेम्पोवरून पडलो. डॉक्टरनं काही विचारलं नाही. पोलिसात जायचा विषय गुरुजींनीच काढू दिला नाही, कारण बायकोच्या हातचा मार लिहून कोण देतो? पण गावात लिहून द्यायची गरज नव्हती. पारावर आता पोटऱ्यांच्या जागी मुसळाची गोष्ट निघायची आणि तेच जुने विद्यार्थी मांड्यांवर थापा मारून हसायचे. गुरुजींना कोंढ्यात तोंड दाखवायला जागा उरली नाही. काठी टेकता यायला लागल्यावर ते स्वतःच म्हणाले, मले घाटावर नेऊन द्या.

योगेंद्रनं टेम्पो अंगणासमोर लावला. गुरुजींना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. आळीतली माणसं आपापल्या दारात उभी होती. निर्मलाबाई उखळापाशी उभ्या होत्या. रुपाही होती. त्या दिवसापासून ती परत गेलीच नव्हती. गाडी सुरू झाली तशी गुरुजींनी खिडकीतून मान बाहेर काढली. माफी मागतात की शिवी देतात, म्हणून सगळ्यांनी कान टवकारले.

"पण माहा सैपाक कोण करन?" गुरुजींनी विचारलं. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

निर्मलाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. एवढा वेळ, एवढं निवांत, मान वर करून तिनं नवऱ्याला पाहिलं नव्हतं. हाताला प्लास्टर, दाढी वाढलेली, एक चिडका म्हातारा. याच्या भीतीनं आपला सगळा जन्म गेला, याचाच तिला राग आला.

"थंड्या हवेत भूक लय लागते म्हणतेत जी," ती म्हणाली. "जपून राहा."

टेम्पो वळणाआड गेला. कोणीतरी हसलं, कोणीतरी त्याला गप्प केलं. निर्मलाबाई घरात गेल्या, चूल पेटवली आणि भाताचं आधण ठेवलं. भात करपला. दोघी मायलेकींनी तो तसाच ताटात घेतला, आणि पहिल्या घासालाच निर्मलाबाईंना रडू आलं. त्या रडत रडत पोटभर जेवल्या.