डुक्कर मोजत नाई

मी तेलाचा पिपा बोलून राहिलो. मोहगावच्या रस्त्याले गुणवंताबुवाचा संत्र्याचा बगीचा हाये, तिथला. या गोष्टीचा शेवट वळखून दाखव बापा. तुले वाटन, डुकरं बगीचा खाऊन गेले. नाई. लाव पैज.

पहिले माह्या पोटात सोयाबीनचं तेल होतं. जामसांवलीच्या भंडाऱ्यात पुऱ्या तळल्या अन् मी रिकामा झालो. बुवानं मले सायकलवर आणलं, आत बोल्ट टांगला अन् कुंपणाच्या तारेले लटकवलं, नाल्याच्या बाजूनं. दुसरा पिपा, माहा भाऊ, तारेच्या घराकडच्या टोकाले. रानडुक्कर तारेले धडकलं का आम्ही बोंबलाचं. हे आमची नोकरी.

पण वारा काई कमी हरामी नाई. पान हललं का वाजवते आमाले. बुवाची सून दामिनी पहिले दर खेपेले काठी घेऊन पळे. नवरा बसवर कंडक्टर, घरी सून अन् सासरा दोघंच. मंग तिनं कान लावला. वारा असला का दोघं पिपे संगच खडखड करतात, बेताल. डुक्कर असलं का पहिले मी, एकच दणका, मंग भाऊ. तवाच उठाचं.

बुवाले हे पचलं नाई. जिंदगीभर लोकाइले फसवत आलेला म्हातारा तो. नाल्याकडं जाऊन हातानंच तार ओढे. दामिनी चुलीपासून हलेच ना.

"या मामाजी, च्या थंडा होऊन राहिला."

"तुले कसं समजलं वं?"

"तुम्ही तीन झटके देता, सारखे. डुक्कर मोजत नाई."

"एक दिवस फसवीनच तुले."

"फसवा. नाई जमलं त मिशी काढा."

दुसऱ्या दिवशी बुवाचे पुन्हा तीनच. हाताची आदत, कुठं जाते?

दिवाळी झाल्यावर एका सकाळी बुवा नाल्याच्या काठावर घसरला. खुबा मोडला. तोंडातून आवाज निघेना. हाताशी तार होती, ते ओढली. तीन झटके, सारखे. इतका साफ मी कधी वाजलो नसन.

घराकडून दामिनी वरडली, "वळखलं मामाजी. काढा मिशी."

पुन्हा तीन. ती हसली, ते मले आयकू आलं.

ऊन डोक्यावर आलं. बुवाचा च्या कपात तसाच होता, वर साय धरली होती. ते पाहून पळाली मंग.

आता बुवा खाटेवर अन् मी त्याच्या उशाशी. पाणी लागलं का दोरी ओढाची. मस्करी सोडली त्यानं. पण खिडकीतून वारा येते, मी वाजतो, अन् दामिनी कणकेच्या हातानं धावत येते.

"काई नाई वं, वारा हाये."

"हो मामाजी," म्हणते, तरी जवळ येऊन त्याचं तोंड पाहून जाते. दर खेपेले.

वारा वळखाले तिच्यासारखा कान साऱ्या सौंसर तालुक्यात नव्हता. त्या एका सकाळच्या बदल्यात तिनं तो कानच देऊन टाकला.