वरवंट्याजवळचं पाणी

सातपूरजवळच्या आमच्या कॉलनीतली ही जागा म्हणजे निव्वळ उकिरडा होता. हिवाळ्यात आम्ही काही रिकामटेकड्यांनी ती बागेसाठी साफ केली. दगडगोटे वेचून गुलाबाच्या वाफ्याला कड लावली. मधोमध एक तुटका वरवंटा सापडला, तोही मी हौसेनं त्या कडेला उभा केला. तो होता तिथं वडासाठी खड्डा घेतला. खड्डा उन्हात तापू द्यायचा आणि पावसाळ्यात झाड लावायचं, असं ठरलं. माती इतकी मऊ निघाली, की मी दोन घमेली घरी तुळशीला नेली.

चैत्रात भानगड सुरू झाली. रोज सकाळी वरवंट्याजवळची जमीन ओली. तिथं अजून रोप नाही, नळ नाही. आमच्यातले देवरामकाका बँकेतून निवृत्त झालेत, पण भित्रे. म्हणाले, "ताई, इथं काहीतरी आहे. आपण नको यात पडायला." असल्या बोलण्याचा मला मनस्वी राग येतो. आम्ही टँकरचं पाणी तांब्यातांब्यानं वापरायचं आणि कुणी ते मोकळ्या जमिनीवर ओतायचं! चोर पकडायचाच म्हणून एका पहाटे मी एकटीच जाऊन बसले.

उजाडायच्या आत एक बाई कळशी घेऊन आली. वरवंट्यापाशी उकिडवी बसली आणि ओंजळीनं पाणी घालू लागली. तान्ह्या बाळाशी बोलावं तसं काहीतरी पुटपुटत होती. मी उठून पुढं झाले. आणि ओरडलेच, "कोण गं तू? कुठलं पाणी हे?"

"माझ्या घरचं हाय, बाई," ती दचकून म्हणाली. "माझं पोर हाय इथं."

ती लंकाबाई, पेठ तालुक्यातली. समोरची इमारत उठत होती, तेव्हा तिथं पाट्या वाहायची. तिचं तीन महिन्यांचं बाळ तापानं गेलं. तान्ह्याला जाळत नाहीत. नवऱ्यानं त्याला इथं पुरलं आणि बारशाला पाळण्यात ठेवलेला वरवंटाच खुणेला ठेवला. हिवाळाभर ती मालेगावकडं कामावर होती, आत्ताच परतली होती.

"समदं बदाललं इथलं. पर वरवंटा तुम्ही ऱ्हाऊ दिला, म्हनून जागा घावली." ती माझ्या पाया पडली. "उन्हाची त्याला तहान लागंल ना. हितं नका खणू, बाई."

"नाही खणणार," मी म्हणाले. खड्डा तिच्या पाठीमागेच होता. खरं सांगायला माझी जीभ रेटेना.

त्याच दिवशी कडेची माती लोटून खड्डा बुजवला. "आणि वड?" काकांनी विचारलं. मी त्यांच्यावर खेकसले. पुढच्या आठवड्यात लंकाबाई भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजायला गावी निघाली. जाताना म्हणाली, "मी येईस्तोवर त्याला पाणी घालाल ना?"

आता रोज पहाटे मी दोन कळश्या नेते. एक वरवंट्यापाशी, कारण तिला शब्द दिलाय. दुसरी बुजवलेल्या खड्ड्यावर. तिथल्या मातीत काही होतं का, हे आम्ही नीट पाहिलंच नव्हतं. मला भीती वाटते, आणि त्याहून जास्त लाज वाटते.

घमेल्यांतली माती परत न्यावी म्हणून एकदा तुळशीपाशी बसलेही. उकरायचं धाडस झालं नाही. "यंदा तुळस काय फोफावलीय!" घरी सगळे म्हणतात. मी तिला पाणी घालते, पण पूजेसाठी पान तोडायला माझा हात पुढं होत नाही.