चांदपाल्याचा काढा

दुकानाच्या दर्शनी खिडकीत ती 'काजळदरी' या जादूच्या कादंबरीचे सहाही भाग ओळीने लावत होती, तेवढ्यात फोन वाजला. दुकानात तिला सगळे शिफारसबाई म्हणायचे, कारण कुठल्या पोराला कुठलं पुस्तक द्यायचं हे तीच ठरवायची. घरी ठकी आणि तिचा धाकटा भाऊ पिटू यांची मात्र ती नुसती आत्या. फोन वहिनीचा होता.

"तू ठकीला दिलेलं ते झाडपाल्याचं पुस्तक. त्यातल्या काढ्यात काय काय असतं?" वहिनीचा आवाज अगदी सपाट होता. तोच जास्त घाबरवणारा होता.

"कसला काढा?"

"पिटूला पाजलाय ठकीने. ओकून ओकून पोरगं मलूल झालंय. आम्ही हॉस्पिटलमध्ये आहोत. पुस्तक सापडत नाहीये, ठकी तोंडातून शब्द काढत नाही. दुकानात दुसरी प्रत असेल ना? ती घेऊन ये. आत्ताच्या आत्ता."

आत्याने प्रत उचलली आणि पायात चपला सरकवत बाहेर धाव घेतली. टॅक्सीत बसल्यावर तिने ते पुस्तक उघडलं. पहिल्यांदाच.

'काजळदरी' संपवलेली मुलं दुकानात भुकेल्यासारखी यायची. "आता पुढे काय?" असं विचारायची. त्यांच्यासाठी आत्याकडे तीन पुस्तकं तयारच असत: दरीचे नकाशे, दरीतल्या भाषेचा शब्दकोश आणि ही 'काजळदरीची वनस्पतिविद्या'. तिन्ही पुस्तकांखाली तिच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी होती, 'दरीतून परत यायचं नसेल तर हे घ्याच!' ठकीला दहावं लागलं तेव्हा तिने तिलाही तिन्ही दिली होती. वहिनीने तेव्हाच विचारलं होतं, "तू आधी चाळलंस का गं?" आणि आत्या म्हणाली होती, "अगं, पोरं वेडी झालीत ह्याच्यासाठी!" वहिनीने विचारलं होतं एक आणि आपण उत्तर दिलं भलतंच, हे आत्ता टॅक्सीत तिला लख्ख आठवलं.

काढा सापडला. 'उडीचा काढा. चांदपाल्याची पानं कोमट पाण्यात चुरडावीत. पिणाऱ्याचं अंग पिसासारखं हलकं होतं.' शेजारी चित्र, लांबट, टोकदार पान, मधोमध फिकी शीर. शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'यातील सर्व वनस्पती काल्पनिक आहेत. खऱ्या झाडांवर प्रयोग करू नयेत.'

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी चित्रावर एक नजर टाकली आणि पुस्तक मिटलं. "अशी पानं डझनभर झाडांना असतात. त्यातली काही निरुपद्रवी, काही जीवघेणी. त्याची नाडी मंदावतेय. नेमकं झाड कळलं तर आम्हाला नेमकं काही करता येईल. मुलीला बोलतं करा."

"घराच्या आसपास जाऊन बघू का?" आत्याने विचारलं.

"बघाल, पण त्यात वेळ जाईल. तिला ठाऊक आहे ना?"

ठकी बाहेरच्या बाकावर बसली होती. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले, ओठ घट्ट. आत्या तिच्याशेजारी टेकली.

"ठकूबाई, कुणी रागावणार नाही. कुठलं पान होतं ते फक्त सांग."

ठकीने मान हलवली. नाही.

"पिटूला बरं वाटायला हवं ना?"

होकाराची मान. डोळ्यांतून घळाघळा पाणी. पण ओठ तसेच.

"मग बोल की! काय हट्ट हा! भाऊ तिकडे..." आत्याचा आवाज चढला, तशी ठकी अंग चोरून भिंतीला चिकटली. आत्याला स्वतःचीच लाज वाटली.

दार ढकलून वहिनी बाहेर आली. वीजकंपनीचा ओळखबिल्ला अजून गळ्यात तसाच होता. नवरा दूरच्या साइटवर, पोहोचायला रात्र होणार. तिने आत्याच्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं.

"वाचलंस?"

"आत्ता. येताना."

"आणि त्या सहा भागांतलं?"

"पहिल्यातली... पन्नासेक पानं."

वहिनीने ठकीपुढे फरशीवरच बसकण मारली.

"ठके, राखेची शपथ घेतलीस का गं?"

ठकीने झटकन वर बघितलं.

"बोललं तर ज्याला काढा दिला तो दगड होतो. म्हणून गप्प आहेस ना?"

ठकीला हुंदका फुटला. तिने होकाराची मान हलवली. पोरगी हट्ट करत नव्हती. ती भावाला वाचवत होती.

"चौथ्या भागात लोहाराची मुलगी काय करते?" वहिनीने विचारलं.

ठकी पुटपुटली, "अर्धी शपथ... वाटून घेते."

"दोघांत वाटली की ती लागत नाही. दे मला अर्धी."

"मोठ्यांना चालत नाही."

"होडीवाला म्हातारा घेतो की पाचव्यात. मी काय त्याच्याहून म्हातारी आहे?"

ठकीने नाक पुसलं. विचार केला. आत कसलंतरी यंत्र टिकटिकत होतं, एक नर्स लगबगीने आत गेली. वहिनीने तिकडे वळूनही पाहिलं नाही.

"राख लागते," ठकी म्हणाली.

इथे राख कुठून आणायची? आत्याच्या तोंडून एकदम निघून गेलं, "काजळ चालेल का? तेही दिव्याची राखच." तिने खाली वाकून दोन्ही डोळे बोटाने पुसले आणि काळं झालेलं बोट पुढे केलं.

ठकीने ते बोट तपासलं. सराफ सोनं तपासतो तसं. मग स्वतःचा तळहात पुढे धरला. काजळ मायलेकींच्या तळहातांना लागलं, तळहात एकमेकांवर टेकले, आणि ठकी आईच्या कानाशी लागली.

वहिनी उठली ती पळतच. "डॉक्टर! कण्हेर! इमारतीच्या मागचं कुंपण, गुलाबी फुलांचं! चार-पाच पानं, पेलाभर पाण्यात!"

पुढचे काही तास तसेच गेले. दार उघडलं की तिघी उभ्या राहायच्या, बंद झालं की बसायच्या. दिवेलागणीला डॉक्टरीणबाई आल्या. नाडी सावरतेय, म्हणाल्या. अजून दोन दिवस नजरेखाली ठेवू, पण आता भीती कमी आहे. त्याने पाणी मागितलंय. वहिनीने भिंतीला पाठ टेकली आणि पहिल्यांदा रडली.

रडून झाल्यावर म्हणाली, "जेवणाच्या सुट्टीत वाचायचे मी ते भाग. ठकी झोपेत दचकायची. कशाला घाबरते ते कळायला नको?"

"माझं चुकलं, वहिनी."

"चुकलंच." वहिनीने डोळे मिटले. "पण आत्ता तुझ्याशी भांडायचं त्राण नाही माझ्यात. हिला घरी ने. जेवू घाल. आणि झोप लागेपर्यंत दिवा मालवू नकोस."

जिन्यावरून उतरताना ठकी मध्येच थांबली.

"आत्या, पिटू दगड नाही ना होणार?"

"नाही गं राणी. मुळीच नाही."

"तुला काय माहीत? तू तर वाचलंच नाहीस."

आत्या पायरीवर बसली, ठकीच्या उंचीला आली. "खरंय. मला नाही माहीत. पण डॉक्टरांना माहीत आहे, आणि आईला माहीत आहे. त्या दोघी नाही म्हणाल्यात."

ठकीने कठडा सोडून तिचा हात धरला आणि दोघी खाली उतरू लागल्या.