खिडकीकडे तोंड करून

खोली आवरायला सेप्ता टॅलन दार उघडून आत आली, तर उंच खिडकीपाशी तिची थोरली बहीण उभी होती. अंगावर निळा कोट, पायाशी न उघडलेली बॅग.

"तू इथं कशी?" सेप्ता दारातच थबकली.

"पाहुणी म्हणून," डिम्फना म्हणाली. "दार लाव आणि आत ये."

डब्लिनच्या त्या चौकातलं हे सगळ्यात रुंद घर. कुणा उमरावानं अडीचशे वर्षांपूर्वी बांधलेलं. आता त्याचं हॉटेल झालं होतं. छतावरचे चुन्याचे पक्षी आणि द्राक्षांचे घोस मॅनेजर पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचा. उमराव गेल्यानंतरच्या काळाबद्दल मात्र कुणी बोलत नसे. तेव्हा इथं खोलीखोलीत बिऱ्हाडं होती. उमरावाचा दिवाणखाना असलेल्या या खोलीत मधोमध फळ्या ठोकून दोन संसार थाटले होते, आणि खिडक्यांकडचा अर्धा भाग टॅलन कुटुंबाचा होता. एका कडाक्याच्या हिवाळ्यात जिन्याचे कठडेसुद्धा लोकांनी चुलीत घातले होते.

सेप्ता याच खोलीत जन्मली. आता कित्येक वर्षं ती इथल्या चादरी बदलत होती, पण हे तिनं हॉटेलात कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी आपली कीव केलेली तिला खपत नसे.

डिम्फनानं मात्र चावी घेतानाच मॅनेजरला सगळं सांगून टाकलं होतं. त्यानं भल्या मनानं सेप्ताला दुपारपर्यंत सुट्टी दिली होती, आणि खाली चहाच्या टेबलाशी आता तोच विषय चालला होता. डिम्फनाच्या तोंडून हे ऐकून सेप्ताचा चेहरा उतरला.

"तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला?" ती म्हणाली. "तू परवा परत विलायतेत, कॉव्हेंट्रीला निघून जाशील. मला रोज यांच्यातच वावरायचंय."

"चुकलं माझं," डिम्फना म्हणाली. "पण मी त्यासाठी नाही आले. आईचं अंथरूण कुठं होतं, तेवढं दाखव."

आई गेली तेव्हा डिम्फना आली नव्हती. विलायतेत कामाला गेलेल्या मुलीच्या पोटात मूल होतं आणि बोटात लग्नाची अंगठी नव्हती; तशा अवस्थेत या चौकात पाऊल ठेवायची तिची छाती झाली नाही. घरच्यांना हे फार उशिरा कळलं, आईला तर कळलंच नाही. शेवटच्या दिवसांत आई सारखी म्हणायची, मला खिडकीकडे वळव. सेप्तानं बहिणीला ते पत्रातून कळवलं होतं. आईला समोरची झाडं बघायला आवडायची, असंही लिहिलं होतं.

सेप्तानं मखमली खुर्ची बाजूला ओढली. "इथं. डोकं भिंतीकडं."

डिम्फनानं कोटाची बटणं सोडली. मग पलंगाच्या कडेला धरून ती गुडघ्यांवर बसली आणि हळूहळू गालिच्यावर कुशीवर झाली. सेप्ता अडवायला पुढं झाली, पण तिनं अडवलं नाही.

या मजल्याच्या खिडक्या उमरावानं थेट जमिनीपर्यंत उतरवलेल्या होत्या. डिम्फना बराच वेळ बाहेर बघत राहिली.

"सेप्ता," ती म्हणाली, "इथून झाडं दिसत नाहीत गं."

सेप्तानं मखमली खुर्ची आणखी थोडी बाजूला सरकवली.

"कोपरा दिसतो. विलायतेहून येणाऱ्या बोटीची बस तिथंच थांबायची ना?"

"हो."

"मग झाडं का लिहिलीस?"

"दुसरं काय लिहिणार होते?"

खाली रस्त्यावरून एक गाडी गेली. डिम्फनानं नजर हलवली नाही. रडलीही नाही, फक्त एक हात गालिच्यावर पुढं सरकवून तिनं खिडकीच्या चौकटीला बोटं टेकवली.

सेप्तानं पलंगावरची पांढरीशुभ्र उशी उचलली. हॉटेलात असली उशी जमिनीला कुणी टेकवत नसे. तिनं ती बहिणीच्या डोक्याखाली सारली, नीट केली आणि तिच्याशेजारी भिंतीला पाठ लावून बसली.