वळणावरचा बाक

सकाळचं आवरलं, की सासूबाई चपला सरकवून बहिणीकडे निघायच्या. रस्ता वीस मिनिटांचा, पण त्यांच्या गुडघ्यांना तो एका दमात झेपायचा नाही. वाटेत वळणावर झाडाखाली एक बाक होता. तिथे घटकाभर टेकायचं, कामाला आलेल्या बायकांशी चार शब्द बोलायचे आणि पुढे निघायचं. सून तोवर शाळेत शिकवायला गेलेली असायची. आई या वयातही रोज चालतात याचं तिला भारी कौतुक. त्या मधे टेकतात, हे मात्र तिच्या गावीही नव्हतं.

परतताना तिला दिसायच्या त्या धुणीभांडी करणाऱ्या बायका. एका घरचं काम उरकून दुसऱ्या घरी जाण्याआधी त्या बाकावर डबा उघडून बसायच्या, आणि ते तिच्या डोळ्यांत खुपायचं. मुलांना समतेवर निबंध सांगणारी बाई ही! तिने अर्ज लिहिला, घरोघर हिंडून सह्या घेतल्या. आठवड्याभरात बाक उखडला आणि तिथे काटेरी झुडपं लागली. दमलेल्याला टेकूही न देण्याची ही आपली सभ्य रीत.

सासूबाईंनी बाहेर पडणं सोडलं. आज कंबर धरली, उद्या ऊन फार, परवा बहीणच येणार आहे. बहीण काही आली नाही. तिचेही गुडघे तसलेच. सहा महिन्यांत पाय काटकुळे झाले, आणि एका दुपारी न्हाणीघराकडे जाताना त्या पडल्या. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण बसून बसून पायांतली ताकदच गेली आहे.

सून अंथरुणापाशी बसली. "आई, चालणं का सोडलंत?"

"मधे टेकायला कुठे राहिलं गं?"

"मग तेव्हाच का नाही बोललात? अर्जावर तुमचीही सही आहे."

"सासूच सही करत नाही म्हटल्यावर चारचौघांत तुझं हसं झालं असतं."

सुनेला रडू आवरेना. पंधरा दिवसांनी बहीण गेली, आणि सासूबाईंना तिचं शेवटचं दर्शनही घेता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेने घरातली खुर्ची उचलून वळणावर नेऊन ठेवली. त्यांच्याच घरी भांडी घासणारी बाई तिथे उभ्यानेच डबा उघडत होती.

"बसा ना," सून म्हणाली.

बाईने समोरच्या खिडक्यांकडे पाहिलं. "नको ताई. कुणी बघितलं तर काम जायचं."

ती तशीच जेवू लागली. रिकाम्या खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला सूनही उभीच राहिली.