शेपटीच्या बेचक्यापर्यंत

टाचणीचं टोक कागदातून नीट बाहेर आलं नव्हतं, ते बोटाला लागलं, तरी तिनं बोट काढलं नाही, कारण टाचणीच्या बरोबर खाली शेऱ्याची चौकट होती आणि चौकटीत चार शब्द होते — सूचना मिळाली. आभारी आहे.

आभारी? धाकटा? जन्मात कधी कुणाचे आभार मानले होते त्यानं? परीक्षेआधी महिनाभर ती त्याच्याबरोबर जागली, आणि नोकरी लागल्यावर हा पठ्ठ्या म्हणाला, "ताई, तू नसतीस तरी लागलीच असती. डबा तेवढा बरा मिळाला नसता."

नोकरी निरीक्षकाची. सात देशांच्या मासेमारी परिषदेनं परक्या बोटीवर बसवलेला एकटा माणूस. पकडलेला प्रत्येक कुपा, म्हणजे ट्यूना मासा, मोजायचा, नोंदवायचा, रोज सकाळी अहवाल धाडायचा — कप्तानाच्या खोलीतल्या यंत्रावरून, दुसरं यंत्रच नाही. इकडे परिषदेच्या कचेरीत ते अहवाल तपासायला ती. दोन महिने रोज सकाळी कागद सरकत बाहेर यायचा आणि तिचा जीव भांड्यात पडायचा.

मग हे चार दिवस. तेहेतीस किलोचा मासा, लांबी एकशे तीस सेंटिमीटर. एकशे वीसच्या आसपास हवी. एक नाही, सगळेच मासे असे लांबलेले... कुणीतरी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पट्टी लावत होतं. नियम बेचक्यापर्यंतचा, शेपूट जिथे दुभंगते तिथवरचा. टोकं झिजतात, तुटतात, म्हणून. हे धाकट्यानंच तिला शिकवलं होतं, जेवणाच्या टेबलावर, चमचा आडवा धरून — आई ओरडली होती, आधी जेव, मग मोज.

आणि तिनं काय केलं? काल दुपारी, सवयीनं, छापील सूचना काढली — 'लांबी शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजावी' — बोटीचा क्रमांक घातला, पाठवली. वर्षाला अशा दोनशे जातात. हात काम करतात, डोकं मागून येतं. डोकं आलं ते बसस्टॉपवर. तो अशी चूक करणारच नाही. मग मोजतंय कोण? बस आली, गेली.

आणि आज सगळी मापं बरोबर. तेहेतीस किलो, एकशे वीस. अर्ध्या सेंटिमीटरचीही खोट नाही.

"सुधारला की!" साहेबांनी कागद तिच्याकडे सरकवला. "आता काय बाई?"

"साहेब, मोजणारा तो नाहीये."

"सकाळी कप्तानाशी बोललो मी. झोपलाय म्हणाला."

"मंगळवारी विचारलं तेव्हाही झोपलाच होता."

"अहो, दमत असेल. झोपू दे की बिचाऱ्याला." मग साहेबांनी दार लोटलं, आवाज उतरला. "एक कलम दाखवा मला. आत्ता सही करतो."

कलम तिला पाठ होतं. सलग दोन दिवस निरीक्षकाचा अहवाल न आल्यास परिषद बोटीस जवळच्या बंदरात परतण्याचा आदेश देईल. न आल्यास. इथे तर रोज येत होता, वेळेवर, आणि आज तर निर्दोष. चार दिवसांची चूक हा एकच धागा होता तिच्या हातात, आणि तो तिनंच, परिषदेच्या कागदावर, त्या दुसऱ्या हाताला शिकवून तोडला होता. कोणाचा हात? स्वयंपाक्याचा? कप्तानाचाच? आणि ज्यानं पट्टी घेतली त्यानं ती कुणाच्या — नको. झोपलाय. ताप असेल. कुणाला तरी सांगितलं असेल, एवढं मोजून दे रे... आणि तो कुणीतरी सभ्य असेल, आभार मानणारा.

ती जागेवर येऊन बसली. खिडकीबाहेर कुणीतरी मोटार मागे घेत होतं, दुसरं कुणी ओरडत होतं, येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या. कोपऱ्यातलं यंत्र गप्प होतं. दोन महिने ते गप्प राहील या धास्तीनं ती लवकर कचेरीत येत आली होती, आणि आता, त्याच्याकडे बघता बघता, तिच्या लक्षात आलं की आपण काहीतरी मागतोय, तोंडातल्या तोंडात, लहानपणी आजारपणात मागायचो तसं — उद्या वाजू नकोस. परवाही नको. दोन दिवस माझ्या भावाकडून काहीही येऊ नये, एक ओळही नाही... आणि मागतानाच ती दचकली, कारण यंत्र न वाजणं म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं, आणि तरीही ती मागतच राहिली.