मढेमामाचे बारसे

देवकाबाईंनी प्रफुलचे डोके पाळण्यात दाबून धरले. भाच्याचे वय अठ्ठावीस. पाळण्यात डोक्याएवढेच मावत होते. बाकीचा प्रफुल जाम गावातल्या लग्नमंडपात गुडघ्यांवर बसला होता.

"हलू नको रे, मुहूर्त चालला," आत्या म्हणाल्या.

दर अमावस्येला प्रफुल मोबाइलवरच्या भुतांच्या कार्यक्रमात मढेमामा व्हायचा. तोंडाला राख, नाकात कापूस. तिरडीवरून उठून म्हणायचा, "बसा, तुमच्याच मयतीला आलोय," आणि भुताची गोष्ट सुरू करून द्यायचा. आज त्याच्या बहिणीचे, रक्षाचे लग्न होते. नवरदेवाचा कान पिळायचा मान भावाचा. पण वरमाईने, वच्छलाबाईंनी, मढेमामाला ओळखले.

"तिरडीवरून उठलेला माणूस माह्या पोराच्या कानाले हात लावन नाई."

"माहा भाऊ कान पिळन नाई, तं मी बोहल्यावर चढत नाई," रक्षाने सांगून टाकले.

दोघी जागच्या हलेनात. शेवटी गुरुजींनी तोड काढली. मेलेला परत आला, तर त्याचा नव्याने जन्म करायचा. म्हणून शेजारच्या घरून पाळणा आला होता. त्यातले खरे बाळ कोणाच्या तरी मांडीवर रडत होते.

"कुर्रर्र..." आत्यांनी कानात नाव सांगितले. प्रफुलच. बायकांनी आत्यांच्या पाठीत धपाटे घातले. बँडवाल्याने ढोल उचलला.

तेवढ्यात नवरदेवाकडचे तानबाजी सुपारी कातरता कातरता थांबले.

"पोरगं झालं, बरं झालं. मंग पोरीवाल्याइले सोयर लागली का नाई?"

ढोल खाली ठेवला गेला. घरात मूल जन्मले की दहा दिवस शुभकार्य नाही, हे गुरुजींना कोणी सांगायला नको होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले.

"उठा," वच्छलाबाई आपल्या माणसांना म्हणाल्या. "गाडीत बसा."

खुर्च्या सरकू लागल्या. रक्षाने आत्यांचा पदर मुठीत धरला; पदराला हळद लागली.

प्रफुलने पाळण्यातूनच विचारले, "गुरुजी, सापडलेल्या पोराची सोयर लागते का?"

"म्हणजे?"

"मी या लोकायच्या घरचा नाई. सापडलो."

गुरुजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "सापडलेल्याची नाही लागत."

"मंग हा भाऊ नाई, तं कान कोण पिळन?" वच्छलाबाईंनी विचारले.

"चुलतभाऊ हाय ना, सचिन." प्रफुल उठला आणि गुडघे झटकत राहिला. गुडघ्यांना फारसे काही लागलेले नव्हते.

बोहल्याकडे जाताना रक्षाने त्याच्याकडे पाहिले नाही.

मंगलाष्टके झाली. सचिनने कान पिळला, टाळ्या पडल्या. प्रफुल मंडपामागे आचाऱ्यांजवळ उभा राहून वांग्याची भाजी ढवळत होता. ढवळायला त्याला कोणी सांगितले नव्हते.

मंडपाच्या कापडाला फट पडली. फटीतून मुंडावळ्यांसकट एक कान बाहेर आला.

"साळेबुवा, लवकर," कानामागून नवरदेव कुजबुजला. "आई फोटो काढाले गेली."

प्रफुलने पँटला हात पुसले. कान धरला, काचेची वस्तू धरावी तसा. हलकेच पिळला.

कापडाआड बांगड्या वाजल्या.

"अजून," रक्षा म्हणाली.